गाडीची ‘ऑटो लाईट’ दिवा ओळखते, पायी चालणारा माणूस नाही! ऊस हंगामात डिपर देणार कोण?

सोलापूर जिल्ह्यात कारखान्यांचे बॉयलर पेटले की रात्रीचा रस्ता बदलून जातो. माढा, करमाळा, माळशिरस, पंढरपूर, मंगळवेढा, मोहोळ या तालुक्यांत कुठेही जा, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, उसाच्या टायरगाड्या, वजनकाट्यावर नंबर लागावा म्हणून मध्यरात्री निघालेल्या बैलगाड्या रस्त्याला दिसतात. याच दिवसांत कार्तिकीला निघालेल्या दिंड्या पहाटे अंधारात चालायला लागतात. रात्रीच्या पाळीची वीज आली म्हणून मोटार चालू करायला शेतकरी दुचाकीवर निघालेला असतो. आणि याच रस्त्यावर आता नव्या गाड्या धावताहेत, ज्यांच्या लाईटच्या बटणावर ‘ऑटो’ असं लिहिलेलं आहे.

बटण ऑटोवर टाकलं की आपलं काम संपलं, असं अनेक चालकांना वाटतं. घोळ इथूनच सुरू होतो. ऑटो लाईट समोरच्या वाहनाचा दिवा ओळखते. ज्याच्याकडे दिवाच नाही, त्याच्यासाठी डिपर द्यायचं काम आजही चालकाच्या हातालाच करावं लागतं. आणि आपल्या जिल्ह्यात रात्री रस्त्यावर दिवा नसलेलेच जास्त असतात.

दोन सेकंद म्हणजे शंभर फूट

समोरच्या गाडीचा फुल लाईट डोळ्यावर आला की डोळे दिपतात, हे सगळ्यांनाच माहीत आहे. पण त्याचा हिशोब फारसा कुणी करत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर पुढे जाते. डोळ्यापुढे दोन सेकंद अंधारी आली तर गाडी ३३ मीटर, म्हणजे शंभर फुटांहून जास्त अंतर, चालकाला काहीही न दिसता कापते. वेग ८० असेल तर हेच अंतर ४४ मीटरवर जातं.

गाडी शेजारून निघून गेली म्हणजे डोळे लगेच पूर्ववत होतात असंही नाही. तीव्र उजेडात डोळ्याची बाहुली आकसते. पुन्हा अंधाराला सरावायला डोळ्याला काही सेकंद लागतात. वय वाढेल तसा हा वेळ वाढतो. मोतीबिंदू सुरू झालेल्या माणसाला तर समोरचा दिवा एका ठिकाणी दिसतच नाही, तो डोळ्यापुढे फुटून पसरल्यासारखा दिसतो. गावात साठी ओलांडलेले कित्येक जण आजही रात्री दुचाकी चालवतात, ट्रॅक्टर चालवतात.

आकडेही डोळ्यांसमोर ठेवायला हवेत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा जीव गेला. त्यातले सुमारे दोन तृतीयांश मृत्यू ग्रामीण भागातले. महाराष्ट्रात १५ हजारांहून जास्त माणसं गेली. देशभरात मरण पावलेल्यांत सर्वात मोठा वाटा दुचाकीस्वारांचा, ४४ टक्क्यांच्या आसपास. आणि दिवसभरात सर्वाधिक अपघात नोंदले गेले ते संध्याकाळी ६ ते रात्री ९ या वेळेत.

यातले किती अपघात डोळे दिपल्यामुळे झाले? ते या अहवालातून कळत नाही. कारण नियमभंगाच्या नोंदीत अतिवेग, दारू, चुकीच्या बाजूने वाहन चालवणं, सिग्नल तोडणं, मोबाईल असे रकाने आहेत. फुल लाईटचा वेगळा रकाना नाही. ज्याच्या लाईटमुळे दुसऱ्याचे डोळे दिपले, ती गाडी तर सहसा न थांबता निघून गेलेली असते. मागे राहतो तो खड्ड्यात गेलेला दुचाकीस्वार. गुन्हा दाखल होताना कागदावर ‘हयगयीने व अविचाराने’ हेच ठरलेले शब्द येतात.

‘ऑटो’ म्हणजे एकच गोष्ट नाही

नव्या गाड्यांमधल्या ऑटो लाईटबद्दल गैरसमज होतो, कारण या एका शब्दाखाली तीन वेगवेगळ्या सोयी येतात.

पहिली, साधी ऑटो हेडलाईट. समोरच्या काचेवर, बहुतेक गाड्यांत आतल्या आरशाच्या आसपास, उजेड मोजणारा एक सेन्सर असतो. अंधार पडला की तो लाईट लावतो, उजाडलं की बंद करतो. एवढंच त्याचं काम. अप्पर-डिपरशी त्याचा काहीही संबंध नाही. लाईट फुलवर ठेवलेली असेल तर ती फुलवरच राहणार. आपल्याकडच्या बहुतेक ‘ऑटो’ गाड्या याच प्रकारातल्या आहेत. आणि नेमका याच गाड्यांचा मालक ‘आपली गाडी आपोआप डिपर देते’ असं समजून निवांत असतो.

दुसरी सोय म्हणजे ऑटो हायबीम. काचेमागे एक कॅमेरा असतो. समोरून येणाऱ्या गाडीचा हेडलाईट किंवा पुढे चाललेल्या गाडीचा मागचा लाल दिवा दिसला की तो फुल लाईट उतरवून डिपरवर आणतो आणि रस्ता मोकळा झाला की परत फुल लावतो. २०२१ मध्ये आलेल्या महिंद्रा एक्सयूव्ही ७०० सारख्या गाड्यांपासून ही सोय आपल्याकडे ओळखीची झाली. त्यानंतर होंडा, ह्युंदाई, किया, टाटा अशा अनेक कंपन्यांच्या वरच्या मॉडेलांत ती आली.

तिसरी सोय त्याहून पुढची. तिच्यात हेडलाईटचे अनेक छोटे तुकडे असतात आणि समोरच्या गाडीवर पडणारा तेवढाच तुकडा बंद होतो, बाकी रस्ता उजेडात राहतो. महागड्या गाड्यांतच ती सापडते. अमेरिकेसारख्या देशानेही अशा लाईटला परवानगी २०२२ मध्ये दिली, यावरून हे तंत्र किती नवं आहे ते कळावं.

आपल्या गाडीत यातली कोणती सोय आहे, हे शोरूममध्ये गाडीची चावी घेताना विचारायला हवं. विचारलं नसेल तर गाडीसोबत मिळालेलं पुस्तक उघडून पाहता येतं. आणखी एक सोपी खूण आहे. मीटरमध्ये निळा दिवा पेटलेला असेल तर फुल लाईट चालू आहे. समोरून गाडी आली तरी तो निळा दिवा तसाच राहत असेल, तर गाडी आपोआप डिपर देत नाही आणि ते काम चालकालाच करावं लागणार.

कॅमेऱ्याला काय दिसत नाही

ज्या गाडीत खरंच ऑटो हायबीम आहे, तिच्यावर तरी पूर्ण भरवसा ठेवावा का? कंपन्याच आपल्या पुस्तकांत ‘नाही’ म्हणून लिहितात. हा कॅमेरा दिवे शोधतो. मोठा पाऊस, धुकं, काचेवरची धूळ, चिखलाचे शिंतोडे असले की तो गोंधळतो. वळणापलीकडची किंवा चढाच्या पलीकडची गाडी त्याला उशिरा दिसते, तोवर समोरच्याचे डोळे दिपलेले असतात. कमी वेगात, साधारणपणे गावाच्या आत, ही सोय बऱ्याच गाड्यांत कामच करत नाही.

आपल्या रस्त्यांवर याहून मोठी अडचण आहे. पायी चाललेला वारकरी, सायकलवरचा मुलगा, बैलगाडी, शेतमजुरांचा घोळका, मेंढरं घेऊन निघालेला धनगर, यांच्याकडे कॅमेऱ्याला ओळखता येईल असा दिवा नसतो. एकच मिणमिणता हेडलाईट असलेला जुना ट्रॅक्टर समोरून आला तर तोही कॅमेऱ्याच्या हिशोबात येईलच याची खात्री नाही. कॅमेऱ्याच्या लेखी रस्ता मोकळाच असतो, म्हणून तो फुल लाईट चालूच ठेवतो.

यात चालकाचा तोटा दिसत नाही, उलट फायदाच दिसतो. फुल लाईटमध्ये पायी चालणारा माणूस चालकाला लांबून दिसतो, हे खरं आहे. पण त्या माणसाचं काय? त्याच्या डोळ्यापुढे पांढरा पडदा येतो. साईडपट्टी कुठे संपली, खड्डा कुठे आहे, मोरीचा कठडा कुठे आहे, काही कळत नाही. तो चाचपडत एक पाऊल आत टाकतो किंवा बाहेर टाकतो. सायकलवाला हँडल वळवतो. बैलगाडीचे बैल बुजले तर भरलेली गाडी आडवी व्हायला वेळ लागत नाही.

पायी चालणारा माणूस अंधारात किती उघडा असतो, हे या जिल्ह्याने पाहिलं आहे. ३१ ऑक्टोबर २०२२ ला संध्याकाळी सांगोला तालुक्यात जुनोनीजवळ कार्तिकीला निघालेल्या दिंडीत एक कार घुसली आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या जठारवाडीच्या सात वारकऱ्यांचा जीव गेला. तो अपघात लाईटमुळे झाला असं म्हणता येणार नाही. पण अंधार पडायच्या वेळी रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या माणसाला वाचवायला समोरच्या चालकाचा ताबा आणि वेग यांशिवाय दुसरं काही नसतं, हे त्या दिवशी जिल्ह्याला कळलं.

दुचाकीची ऑटो वेगळी

ऑटो लाईटचा एक प्रकार गावात फार आधी आला. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना इंजिन चालू होताच हेडलाईट आपोआप पेटणं सक्तीचं झालं. लाईट बंद करायचं बटणच गेलं. सुरुवातीला भर दुपारी समोरून येणारा प्रत्येक जण पंजा उघडझाप करून ‘लाईट चालू आहे’ अशी खूण करायचा. दिवसा दुचाकी लांबून दिसावी हा त्या नियमाचा हेतू आहे, आणि तो चांगला आहे.

पण लाईट बंद करायचं बटण गेलं तरी अप्पर-डिपरचं बटण आहेच. ते वर्षानुवर्षं अप्परवरच अडकलेलं असतं. कित्येक दुचाकींत बल्बची डिमची तार जळालेली असते. बल्ब बदलायला दोन-चारशे रुपये आणि अर्धा तास लागतो, म्हणून मालक फुलवरच गाडी पळवत राहतो. दुचाकीचा उजेड कारपेक्षा कमी, म्हणून त्रास होत नाही असं समजू नये. समोरही दुचाकीच असेल तर तिच्या चालकाच्या डोळ्याच्या उंचीला तो उजेड नेमका भिडतो, आणि आरपार ओरखडे पडलेल्या हेल्मेटच्या काचेत तर तो आणखी पसरतो.

चारचाकीत अजून एक फसगत होते. नव्या गाड्यांना पुढे दिवसा पेटणारी पांढरी पट्टी असते. ती पेटलेली दिसते, मीटरही चोवीस तास उजळलेलं असतं, त्यामुळे लाईट चालू आहे असं चालकाला वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक गाड्यांत त्या वेळी मागचा लाल दिवा बंद असतो. संध्याकाळच्या वेळी किंवा उजनीच्या काठाला पहाटे धुकं पडलं असताना मागून येणाऱ्याला ही गाडी दिसतच नाही. उजेड भरपूर असल्याने धुक्यात सेन्सरही लाईट लावेलच असं नाही. अशा वेळी बटण ऑटोवरून काढून हाताने लाईट लावणं हाच उपाय.

फुल लाईटवाल्याचीही बाजू आहे

फुल लाईट लावणारा प्रत्येक जण मस्तवाल असतो असं नाही. त्याला विचारलं तर तो सांगेल, डिपरवर काही दिसतच नाही. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. डिपरचा उजेड साधारण ५० मीटरच्या आसपास पोचतो. फुल लाईट त्याच्या दुप्पट किंवा जास्त. आणि आपल्या तालुका रस्त्यांवर पांढरे पट्टे पुसलेले, गतिरोधकाला रंग नाही, वळणाला फलक नाही, साईडपट्टी खचलेली. त्यात उसाची ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यातच उभी, मागे ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. अंधारात अशा ट्रॉलीवर धडकून गेलेल्यांच्या बातम्या दर हंगामात येतात. ही भीती मनात असलेला चालक डिपर द्यायला कचरतो.

म्हणून हा प्रश्न फक्त कारवाल्यांना शिव्या घालून सुटणार नाही. डिपर आणि रिफ्लेक्टर हा एक व्यवहार आहे. ट्रॉलीला, बैलगाडीला, सायकलला रिफ्लेक्टर असेल तर डिपरच्या उजेडातही तो लांबून चमकतो, कारण रिफ्लेक्टर आलेला उजेड आलेल्या दिशेलाच परत पाठवतो. काळोखात उभी असलेली साधी ट्रॉली डिपरवर अगदी जवळ आल्यावर दिसते. तीच ट्रॉली स्वच्छ लाल रिफ्लेक्टर असेल तर कितीतरी आधी कळते. म्हणजे ट्रॉलीवाल्याने रिफ्लेक्टर लावला तर कारवाल्याला डिपर देणं परवडतं. आणि कारवाल्याने डिपर दिला तर ट्रॅक्टरवाल्याला समोरचा रस्ता दिसतो.

जुन्या काळी बैलगाडीच्या दांडीखाली कंदील टांगलेला असायचा. त्या कंदिलाच्या उजेडात बैलाला रस्ता दिसावा एवढाच हेतू नव्हता. गाडी येतेय हे दुसऱ्याला कळावं हाही होता. आज त्या कंदिलाचं काम थोड्याशा रुपयांची चमकपट्टी करू शकते. हंगामाच्या सुरुवातीला परिवहन विभाग आणि कारखाने रिफ्लेक्टर लावण्याचे कार्यक्रम घेतात, फोटो येतात. पण हंगाम चार-पाच महिने चालतो. महिनाभरात रिफ्लेक्टरवर धूळ, मळी आणि पाचटाचा थर बसतो किंवा बाहेर आलेल्या उसाखाली तो झाकला जातो. वजनकाट्यावर गाडी उभी राहतेच. तिथेच मागचा रिफ्लेक्टर दिसतोय का, हे पाहून फडक्याने पुसून घेतलं तर मोठा खर्च नाही.

ट्रॅक्टरवाल्यांची एक चूक मात्र सांगायलाच हवी. रात्री नांगरट करताना मागचं दिसावं म्हणून ट्रॅक्टरला मागच्या बाजूला पांढरा लाईट बसवलेला असतो. शेतात तो हवाच. पण तो तसाच चालू ठेवून ट्रॅक्टर रस्त्यावर आणला की मागून येणाऱ्याला समोरून फुल लाईटची गाडी येतेय असंच वाटतं. ती आपल्याच दिशेने, तीही ताशी वीसच्या वेगाने चालली आहे, हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

बाजारातली एलईडी आणि वर तोंड केलेले दिवे

डोळे दिपण्याचा त्रास अलीकडे वाढल्यासारखा वाटतो, त्याला आणखी एक कारण आहे. जुन्या हॅलोजन बल्बचा उजेड पिवळसर असायचा, एलईडीचा पांढरा, निळसर झाक असलेला असतो आणि डोळ्याला जास्त टोचतो. कंपनीने बसवलेल्या एलईडीला निदान त्याच्या मापाची काच आणि कटऑफ असतो. डिपरचा उजेड एका रेषेच्या वर जाऊ नये, आणि डाव्या कडेला थोडा वर जाऊन साईडपट्टीवरचा माणूस दिसावा, अशी त्याची रचना असते.

गडबड होते ती बाहेरून बसवलेल्या किटमुळे. हॅलोजनच्या बल्बमध्ये डिमच्या तारेखाली एक छोटी झाकणी असते, ती उजेड वर जाण्यापासून अडवते. हेडलाईटची वाटी त्या बल्बच्या मापाने घडवलेली असते. तिच्यात स्वस्तातला एलईडी बल्ब खुपसला की उजेड चारी बाजूंना फेकला जातो. मग डिपर दिला काय आणि न दिला काय, समोरच्याला सारखंच. मालक म्हणतो ‘मी डिपरवरच आहे’, आणि तो खोटं बोलत नसतो. बंपरवर, छतावर बसवलेल्या एलईडी पट्ट्यांना तर डिपरच नसतो.

दुसरं कारण वजनाचं आहे. पिकअपमध्ये मागे कांद्याच्या गोण्या भरल्या, किंवा सात सीटच्या गाडीत लग्नाचं वऱ्हाड बसवलं, की गाडीचं बूड खाली बसतं आणि हेडलाईट वर तोंड करतात. यासाठी अनेक गाड्यांत स्टिअरिंगच्या बाजूला ० ते ३ किंवा ० ते ४ आकडे असलेलं छोटं चाक दिलेलं असतं. गाडी भरलेली असली की आकडा वाढवायचा, म्हणजे लाईट खाली येते. गाडी घेऊन पाच वर्षं झाली तरी त्या चाकाला हात न लावलेले मालक गावोगावी आहेत.

कायदा आहे, पण रात्री पोलीस कुठे?

कायद्यात यासाठी तरतूद नाही असं नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत हेडलाईट समोरच्या माणसाचे डोळे दिपवणार नाही अशी असावी किंवा चालकाला ती खाली वळवता यावी, असं स्पष्ट म्हटलेलं आहे. तिथे आठ मीटर अंतरावर, दीड मीटर उंचीवर डोळे असलेला माणूस गृहीत धरलेला आहे. म्हणजे गाडीत बसलेल्याबरोबर पायी चालणाऱ्याच्या डोळ्यांचाही हा नियम आहे. २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमावलीतही समोरून वाहन आलं की वेळेत लाईट डिम करायला सांगितलं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ नुसार, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, सर्वसाधारण नियमभंगाला पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास १५०० रुपयांपर्यंत दंड आहे.

पण हेल्मेट नसलं तर मोबाईलवर फोटो काढून चलन फाडता येतं. वेग जास्त असेल तर स्पीडगन आकडा दाखवते. फुल लाईटचा पुरावा कसा ठेवायचा? पोलिसांची नाकाबंदी दिसली की पाचशे मीटर आधीच लाईट डिपरवर येते. आणि तालुक्याच्या आतल्या रस्त्यावर रात्री दहानंतर नाकाबंदी असतेच कुठे? पूर्वी आरटीओची मोहीम निघाली की हेडलाईटच्या काचेवर वरच्या भागात काळा रंग किंवा काळी पट्टी मारून दिली जायची. उपाय गावठी होता, पण कारवाई दिवसाही करता यायची. तेच आजही शक्य आहे. बाहेरून बसवलेलं किट, पट्टी, मागचा पांढरा लाईट, न लागणारा डिपर, हे सगळं दिवसा, उभ्या गाडीवर तपासता येतं. कारखान्याच्या वाहनतळावर, आठवडी बाजारात, पीयूसी काढताना किंवा फिटनेसला गाडी आली तेव्हा. त्यासाठी रात्रीचा पोलीस लागत नाही.

रस्त्यावर काय करता येईल

• समोरून कुणीही येत असेल, गाडी असो, सायकल असो की पायी माणूस, डिपर हाताने द्यावा. ऑटोची वाट पाहू नये.

• पुढच्या गाडीच्या मागे जातानाही डिपरच ठेवावा. फुल लाईट आरशातून पुढच्याच्या डोळ्यात जाते. आपल्या मागे कुणी फुल लाईट मारत असेल तर गाडीतल्या आरशाखालची छोटी दांडी दाबावी, उजेड मंद होतो.

• डिपरवर जेवढं दिसतं तेवढ्यात गाडी थांबली पाहिजे, एवढाच वेग ठेवावा. ताशी ६० ला चांगल्या कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला ४५ ते ५० मीटर लागतात, ८० ला ७० मीटरच्या पुढे. डिपरचा उजेड ५० मीटरच्या आसपास असताना ८० चा वेग म्हणजे न दिसणाऱ्या रस्त्यावर गाडी सोडून देणं.

• डोळे दिपले तर समोरच्या दिव्याकडे न बघता रस्त्याच्या डाव्या कडेकडे बघावं आणि वेग कमी करावा. ‘त्याने डिपर दिला नाही, मग मीही देत नाही’ असं केलं तर एका रस्त्यावर एकाऐवजी दोन चालक आंधळे होतात.

• एकदा-दोनदा अप्पर-डिपर मारून आठवण द्यावी, पण त्यावर विसंबू नये. आपल्याकडे लाईट मारण्याचा अर्थ कुणी ‘तू जा’ असा घेतो, तर कुणी ‘मी येतोय, थांब’ असा.

• काच आतून-बाहेरून स्वच्छ ठेवावी. धुळीच्या काचेवर समोरचा उजेड पसरतो आणि कॅमेराही फसतो.

• ट्रॉली, टायरगाडी, बैलगाडीला मागे लाल रिफ्लेक्टर हवाच, आणि तो उसाखाली झाकला जाता कामा नये. बंद पडलेल्या ट्रॉलीमागे दगड ठेवून निघून जाऊ नये. दगड रात्री दिसत नाही, आणि ट्रॉली गेल्यावरही तो तिथेच राहतो.

• दिंडीच्या शेवटी चालणाऱ्यांच्या अंगावर चमकपट्टीचं जाकीट आणि हातात लाल दिवा असावा. पहाटे मोटारीवर किंवा फिरायला जाणाऱ्याने निदान पांढरे कपडे घालावेत.

सोयीची गाडी घेणं यात गैर काही नाही. ऑटो लाईटमुळे दोन मोठ्या गाड्या समोरासमोर आल्या की त्रास कमी होतो, हेही खरं. पण ही सोय एकमेकांकडे दिवे असलेल्या गाड्यांसाठी बनलेली आहे. रात्री अकराला मंगळवेढा रस्त्याने उसाची गाडी हाकणारा, पहाटे चारला टाळ घेऊन चालणारी माउली आणि मोटार चालू करून घरी परतणारा शेतकरी यांना वाचवायला आजही स्टिअरिंगजवळचा तो लिव्हर आणि त्यावरचं चालकाचं बोटच आहे. हंगाम अजून बरेच महिने चालायचा आहे.